चौघांच्या वाटची पावलं

—हलू नका साहेब, वस्तरा गालावर आहे. बोलायचं काम माझं, तुम्ही नुसतं हूं म्हणा, तेही हळू. काय विचारत होतात—हे हाताला काय बांधलंय? घड्याळं नव्हेत हो. पट्टे. पावलं मोजणारे. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन, आणि हा डाव्या हातावर चौथा. माझे? छे! मी या खुर्चीभोवती फिरणारा माणूस, मला काय करायचीत पावलं मोजून? समोर विम्याचं ऑफिस दिसतंय ना आरशात, तिथल्या लोकांचे आहेत. त्यांच्या मोठ्या साहेबांनी हुकूम काढला—प्रत्येकाने दिवसाला दहा हजार पावलं चालायची, कमी भरली की सोमवारी सगळ्यांसमोर नाव वाचणार. आता ही माणसं जिन्याचं नाव काढलं तरी लिफ्टची वाट बघत उभी राहणारी! तर एके दिवशी तिथले हेडक्लार्क—डोक्यावर मोजून अकरा केस, पण पंधरा दिवसांनी नेमाने कापायला येणार—इथे पट्टा विसरून गेले. हरवायला नको म्हणून मी हातात घातला. संध्याकाळी येऊन बघतात तर किती? तेवीस हजार! आणि मी दुकानाचा उंबरा ओलांडला नव्हता. कात्री चालली की त्या यंत्राला वाटतं माणूस चालला. एवढी त्याची अक्कल.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क पट्टा मुद्दाम विसरून गेले. मग स्टोअरकीपर विसरले, मग त्यांचे ड्रायव्हर, मग टेलिफोनवर बसणाऱ्या ताई—त्या बिचाऱ्या सकाळी दारातूनच पट्टा आत टाकतात आणि संध्याकाळी दारातूनच नेतात. मी नाही कशाला म्हणू? हात तर हलतोच आहे, चार माणसांचं भलं झालं तर झालं. तिघांना ऑफिसात चालण्याची ढाल मिळाली, फोटो काढले. ताईंना तेवढं उत्तेजनार्थ मिळालं, कारण त्यांचा पट्टा डाव्या हातावर, आणि डावा हात नुसता गिऱ्हाइकाची मान धरतो. रागावल्या माझ्यावर. मी म्हटलं, ताई, पुढच्या महिन्यात डोक्याची मालिश डाव्या हाताने करतो, मग तर झालं?

पण मध्ये घोटाळा झाला. हे पट्टे छातीचे ठोकेही मोजतात, हे मला कुणी सांगितलं होतं का? कुणीही नाही. ऑफिसात नवे डॉक्टर आलेत म्हणे, त्यांनी हेडक्लार्कांना बोलावलं आणि सांगितलं, तुमचं हृदय धड चालत नाही, मधेच धावतं, मधेच अडखळतं, आजच्या आज भरती व्हा, उद्यावर टाकू नका. झालं! माणूस तिथल्या तिथे गळाठला. एकोणीस वर्षं तोंड न पाहिलेल्या भावाकडे गेले, त्याच्या गळ्यात पडून रडले. इस्पितळात दोन दिवस वायरी लावून ठेवल्या—निघालं काय? हृदय खणखणीत! भावाने फसवलंस म्हणून पुन्हा अबोला धरला. पुढच्या आठवड्यात स्टोअरकीपर. मग ड्रायव्हर. मग ताई. तेच दुखणं, तेच इस्पितळ, तोच खणखणीतपणा. हेडक्लार्क त्या खुर्चीत बसून सगळं सांगत होते आणि आम्ही दोघं पोट धरधरून हसत होतो.

काय? मान वर करा जरा—हां. ठोके कुणाचे म्हणता? अहो, पट्टा कुणाचा? त्यांचा. आत नाव कुणाचं? त्यांचं. मग रोग माझा कसा? दुसऱ्याच्या छत्रीखाली उभं राहिलं म्हणून छत्री आपली होते का? उलट त्यांचीच बाधा मला होतेय! अकराच्या सुमाराला मागून पाण्याची बादली आणतो ना, तेव्हा छातीत पाखरू फडफडल्यासारखं होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, भिंत धरून उभा राहतो. चौघांचं दुखणं एका अंगावर घ्यायचं म्हणजे एवढं होणारच. आधीही व्हायचं म्हणा, पट्टे नव्हते तेव्हा—वर्षभर—नाही, दीड वर्ष झालं असेल. पण तेव्हा मोजत कोण होतं? बायकोला बोललो नाही. बोललो की ती डॉक्टरकडे ओढत नेणार, आणि डॉक्टरकडे गेलं की काहीतरी निघणारच. न गेलेल्या माणसाला कधी काही निघालंय? आमचे वडील जन्मात गेले नाहीत डॉक्टरकडे. ठणठणीत होते. बावन्नाव्या वर्षी याच खुर्चीमागे उभे असताना खाली बसले ते बसलेच. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी व्हायची होती, ती मी केली. एकवीस वर्षांचा होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण एक ओरखडा उठू दिला नाही. मी? मला आता एक्कावन्न.

झालं साहेब. घ्या, पुसा तोंड. तुम्हीही पट्टा आणलाय का? द्या की, लाजताय काय, डावीकडे जागा आहे. नाही? मग खिशातून काय काढताय—ही तर छातीला लावायची नळी. म्हणजे समोरचे नवे डॉक्टर ते—अरे देवा. आणि मी मघापासून—हे बघा, त्या चौघांची नावं सोमवारी वाचू नका हं, माणसं चांगली आहेत, नुसती आळशी आहेत. काय म्हणालात? रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी? चौघांचंही? एकाच वेळी? आणि ते शोधत तुम्ही महिनाभर—

हात सोडा ना डॉक्टर. बसू? या खुर्चीत? इथे मी तीस वर्षांत बसलेलो नाही हो, ही गिऱ्हाइकाची. बरं, बसतो. घ्या, ऐका. किती वेळ ऐकताय? एवढा वेळ तर त्या—बोलू नको? बरं.

. . .

मग? असं बघू नका माझ्याकडे, काय ते सांगा. हेडक्लार्कांना सांगितलंत तेच? आजच्या आज? उद्यावर नाही? म्हणजे ते रडले ते माझ्या वाटचं रडले. आणि मी हसलो. भीती वाटतेय मला डॉक्टर, खरंच भीती वाटतेय. हो, येतो. चालत येतो, नाही नाही, गाडी बोलवा, तुम्ही म्हणाल तसं. फक्त घरी फोन तुम्ही लावा. पहिलाच नंबर आहे. दिवसभर माझी जीभ थांबत नाही, पण हे मला तिला सांगता यायचं नाही. लागला? उचलला तिने? नाही, मला देऊ नका. तुम्ही बोला.