वरचा एक टक्का

माझं माहेर पवनेच्या काठचं, बाप दुसऱ्याच्या रानात भात लावायचा आन आमी पोरी चिखलात त्याच्या मागं. लगीन हून लोणावळ्याला आले, तवापासून एका हॉटेलात चादरी धुतल्या, आधी हातानं, मग मशिनीवर, निम्मं आयुष्य साबनाच्या पान्यात गेलं बघा. आमचे मालक तळेगावला कंपनीत फिटर. ते रिटायर झाले तवा फंडाच्या पैशात सोमाटण्याला फ्लॅट घेतला, तिसरा मजला, लिफ्ट न्हाई, पन गॅलरीतून डोंगर दिसायचा. सामान खालीच पडल्यालं आन ह्यांनी आधी काय केलं, तर हॉलच्या भितीला भगवान बुद्धाचा मोठा फोटो लावला. आमी बौद्ध मानसं, सासरचं घर गावाच्या कडंला, म्हनून हे म्हनायचे, हितं कोन कडंला न्हाई, समद्यांची दारं एकाच जिन्यावर.

मग ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलनं अडकाय लागलं. डाक्टरकडं न्यायचं म्हंजी शेजारची मानसं खुर्चीत बसवून उतरवायची. एकदा वळनावर खुर्ची कलली, तवा ह्यांनी डाव्या हातानं कठडा असा धरला की बोटं सोडवता सुटंनात. त्याच्यानंतर खाली जायचं नाव न्हाई. लेक लोणावळ्यात दिल्याली, सुजाता, ती म्हनली आई, हा फ्लॅट इका, माझ्या शेजारी तळमजल्याचं बघू.

नाक्यावर सचिन म्हनून एजंट, मावशी मावशी करायचा. दोन टक्के घेईन म्हनला, मी व्हय म्हनले. गिऱ्हाईकं यायची, खिडक्या बघायची, हॉलमधी आली की आवाज बारीक व्हायचा. एका बाईनं तर पानीबी घेतलं न्हाई, आज उपास हाय म्हनली. काय सांगू तुमाला, उपासाला पानी चालत न्हाई व्हय? मला कळत हुतं, पन मीच मला समजावायची, न्हाई, आसंल उपास.

मग एक दिवस सचिन एकलाच आला. चा घेतला, तो घ्यायचा, खोटं कशाला बोलू. म्हनला मावशी, चार टक्के करावं लागंल. का रं बाबा? तर म्हनं तुमच्या घराला लय फिरावं लागतंय. मी म्हनले खालच्या मजल्याचं इकलंस, त्यांच्याकडनं चार घेतलंस का? त्यानं कप बाजूला सारला. मग खाली बघून म्हनला, मी असलं मानत न्हाई हो, पन लोक मानत्यात. असं करा, गिऱ्हाईक येईल तेवढ्यापुरता फोटो आतल्या खोलीत ठेवा, आडनाव मी शेवटाला कागदावर सांगतो, मग दोनातच करतो.

मालक समोर बसल्याले. सगळं ऐकत हुते, त्यांना धड बोलता येत न्हाई, ऐकू येतं. मी म्हनले फोटो हलनार न्हाई, आन दोनाचे चार बी व्हनार न्हाईत. तो उठून गेला, आन गिऱ्हाईकच बंद. दुसऱ्या एजंटाकडं गेलते, त्यानं आडनाव इचारलं, फोन करतो म्हनला, तो फोन आजून यायचाय.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. हे भितीकडं तोंड करून बसायचे. मला वाटायचं मी ताठ ऱ्हायले, पन त्या मजल्यावर कोंडून कोन पडलं हुतं? एका दुपारी भात भरवत हुते, तर माझा हात धरला आन एकेक शब्द ओढून काढला. मला. खाली. ने. मी म्हनले मग फोटो काढून ठिवू? तर जोरानं मान हालवली, न्हाई. मग हेच म्हनले, पैसं दे.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आन रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सचिनच्या हापिसात गेले. म्हनले तीन देते, पन आडनाव आधी सांगायचं, फोनवरच. ज्याला चालंल त्यानंच जिना चढायचा, माझ्या मालकासमोर कोनी पानी नाकारायचं न्हाई. तो साडेतीन म्हनला, पेट्रोलचं काढलं, मी हलले न्हाई. इचारलं, वरचा एक टक्का कशाचा रं? मोबाईल उलटा सुलटा करत बसला. मग म्हनला, तरासाचा, मावशी. मी म्हनले तरास कुनाला झाला? तीनावर आला.

घेतलं ते साताऱ्याकडच्या एका टेम्पोवाल्यानं. नळ सोडून पान्याचा जोर बघितला, दारं ढकलून बघितली, फोटोकडं धड नजरबी न्हाई. बायकोनं चा घेतला, वर आजून अर्धा कप मागून घेतला. असली मानसं हायत की जगात, मग त्यांना आनायला जास्ती पैसं कशाला लागत्यात, हेच माझ्या डोक्यातनं जात न्हाई. पन बोलल्यालं हुतं, ते दिलं. सचिननं खिशात घातलं, मावशी येतो म्हनला.

आता हितं लोणावळ्याला, भुशी धरनाच्या बाजूला दोन खोल्या हायत, तळमजला. मालक उंबऱ्यात बसत्यात, धरनाला जानाऱ्या पोराटोरांना डावा हात दाखवत्यात, ऊन अंगावर घेत्यात. मला तेवढं पुरतं. न्हाई, पुरतं म्हनायचं.

सचिनचा फोन येतो मधनं, कुनाचं घर इकायचं आसंल तर सांगा म्हनतो. पोरगा वाईट न्हाई, त्याची लेकरंबाळं सुखात ऱ्हावीत. आमच्या लोकांत कुनी इचारलं तर मी त्याचा नंबरबी देते. फक्त सांगते, बाबांनो, दर आधी ठरवा, आन वर मागितलं तर कशाचं मागतो ते त्याच्या तोंडानं बोलायला लावा.