चष्म्यातला कठडा

सराव करून घेणाऱ्या नव्या यंत्राच्या नजरेतून शिकाऊ माणसाची एकही चूक सुटत नाही. हाडांच्या दवाखान्यात एक शिकाऊ क्रेनचालक मनगट धरून येरझाऱ्या घालत बहिणीला हेच पटवत होता.

"ताई, सरावाच्या खोलीत तो आभासी चष्मा घातला की आपण थेट शंभर फूट उंच क्रेनवर. जरा चुकलं की यंत्र कानात ओरडतं."

"बस आधी. पडलास तेव्हा काय ओरडलं?"

"त्याआधी ओरडलं. कठडा धरा म्हणे. मी धरून टेकलो."

"मग?"

"कठडा चष्म्यातच होता."

"आणि खोलीत?"

"फरशी."

"मग यंत्राने चूक कोणाची धरली?"

"कोणाचीच नाही. कठडा धरला म्हणून पूर्ण गुण. सोमवारी रुजू व्हायचंय."

"या हाताने?"

"डॉक्टर काहीतरी करतील गं."

डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.