त्रेचाळीस टक्क्यांवर उभी पट्टी

नाही, मला सांगा, अडायचं तर अड की बाबा, पण दर वेळी त्रेचाळीस टक्क्यांवरच का? बेचाळीस नाही, चव्वेचाळीस नाही. नूतनने सकाळपासून चौथ्यांदा ते पाहिलं, आणि तुम्हाला सांगतो, चौथ्या वेळी ती चिडलीसुद्धा नाही, नुसती त्या लॅपटॉपकडे बघत बसली... मांडवात रुसून बसलेल्या जावयाकडे बघावं तशी.

आता नूतन कोण, तर गुजराती मुलखातल्या आमच्या नवागाम वस्तीतली, तेवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली. नव्याण्णव साल. पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंगवाल्या शेठने आमच्या बुद्धविहाराला तीन जुने लॅपटॉप दिले, पाट्यावरवंट्यासारखे जड, आणि आतली डिस्क पुसून साफ कोरी. विंडोज नाही, काही नाही. दुसरं कुणी असतं तर कॉपी मारलेली सीडी टाकून मोकळं झालं असतं, पण विहाराचा कारभार सुकदेवकाकांकडे, आणि सुकदेवकाका म्हणजे रेल्वेतले रिटायर गार्ड, ज्यांनी जन्मात झेंडी दाखवल्याशिवाय गाडी सोडली नाही. म्हणाले, "पंचशीलात रोज काय म्हणतो आपण? न दिलेलं घेणार नाही. मग चोरीची सीडी विहारात कशी चालेल, बेटा?"

बोला आता. चोरीची सीडी बाद.

मग नूतनच्या मामेभावाने, बडोद्याला इंजिनिअरिंगला असलेल्या लोकेशने, मासिकाबरोबर फुकट आलेली, विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी पाठवली. फुकट आणि हक्काची. काका खूश. पण कमिटीतल्या बाकीच्यांना विहाराचा हॉल साड्यांना टिकल्या लावून घेणाऱ्या एका ठेकेदाराला द्यायचा होता. तीस पोरींनी नूतनच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलेलं, नाहीतर त्याच तीस पोरी त्याच हॉलमध्ये टिकल्या चिकटवत बसणार! आणि भर मीटिंगमध्ये ही बया बोलून गेली, "रविवारी चार वाजता शेठ उद्घाटनाला येतील तेव्हा तिन्ही मशीन चालू दिसतील. नाही दिसली तर द्या हॉल ठेकेदाराला." कुणी विचारलं होतं का तिला? पण बोलली.

आणि रविवार उजाडला, आणि लिनक्स चढवताना पडद्यावर सरकणारी पट्टी त्रेचाळीसवर उभी.

पहिल्या मशीनवर त्रेचाळीस. म्हटलं मशीन खराब, दुसरं घेतलं. त्रेचाळीस. तिसरं... मी सांगायला पाहिजे का? मग ती खाली पीसीओवर पळाली. लोकेश तिकडून अगदी डॉक्टरसारखा, "हं, सीडी घाणेरडी असेल, पूस." पुसली. पुन्हा पहिलं मशीन लावलं. त्रेचाळीस. पुन्हा पीसीओ. "मग मेमरी कमी पडत असेल, स्वॅप मोठा कर." आता स्वॅप म्हणजे काय ते मला विचारू नका, तिने तो मोठा केला, पट्टी निघाली, दहा, वीस, पंचवीस...

हॉलमध्ये तिच्या सोबतीला कलाबाई होत्या, तिची आत्या. वीस वर्षं लूमच्या खात्यात बॉबिन भरल्या, आता साडीचे धागे कापतात. त्यांनी पाहिलं, मशीनवर धूळ बसलीय, पाहुणे यायचेत, म्हणून पदराने सगळी बटणं खसाखसा पुसून काढली. नूतन कळवळली, "आत्या, हात नको लावू ना! मधेच काहीतरी दाबलं जाईल." कलाबाई बाजूला झाल्या, कात्री उचलून साडीचे धागे कापू लागल्या. पट्टी चालत राहिली. पन्नास. साठ. नूतनने खुर्ची पुढे ओढली... आणि सत्तरवर पट्टी उभी.

दोन वाजले होते. बाहेर पोरी रांगोळी काढत होत्या. नूतनने तोंड ओंजळीत धरलं आणि म्हणाली, "आत्या, जाऊन काकांना सांग, नाही होत."

कलाबाई हलल्या नाहीत. कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, हे बिघडलेलं नाही वं. हे निजतं."

"काय?"

"आधी त्याच्या पोटातली घरघर बंद पडते, मंग तुझी पट्टी थांबते. वीस वर्षं मशीनचा आवाज ऐकला मी, मले कळतं. तू शेवटचं बटण दाबलं का दहा मिनिटांनी निजतं. मंघाशी मी मधी पुसलं, त्याले वाटलं कोणी आहे, तं आणखी दहा मिनिटं जागं राहिलं."

नूतनने मशीनला कान लावला, आत आवाज नाही. खरं होतं ते! वीज वाचवायला मशीन झोपायला जायचं, आणि लिनक्सला त्याला उठवता यायचं नाही. सरळ उपाय, मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन झोप बंद करायची. गेली. तिथे पासवर्ड. शेठच्या ऑफिसला फोन लावला तर वॉचमन सांगतो, ज्या साहेबाने पासवर्ड टाकला तो नोकरी सोडून दुबईला गेला.

मग काय करणार? कलाबाई बसल्या मशीनसमोर. नूतनने शिफ्टचं बटण दाखवलं, त्याने काही लिहिलं जात नाही, तेवढंच दाबत राहायचं. कलाबाई दाबत राहिल्या, तान्ह्याला थोपटावं तसं, फक्त हे झोपू नये म्हणून. त्रेचाळीस आलं, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही... चव्वेचाळीस. पहिलं मशीन झालं. दुसरं झालं, झालेल्यांनी निजू नये म्हणून त्यांची बटणं नूतन अधूनमधून दाबत होती. तिसरं संपत आलं असताना शेठची गाडी आली, अर्धा तास आधी.

सुकदेवकाका हार घेऊन पुढे, कमिटी मागे, आणि शेठ थेट कलाबाईंसमोर हात जोडून उभे. आता त्या हात कसे जोडणार? एका हाताने जय भीम केला, दुसरा बटणावर. शेठना वाटलं हीच क्लासची पहिली विद्यार्थिनी. त्यांनी तिथेच टाळ्या वाजवल्या, म्हणून कमिटीनेही वाजवल्या, आणि टाळ्या चालू असतानाच पट्टी शंभरवर पोचली.

तिन्ही मशीन चालू. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. नूतनने शेठचं नाव टाइप करून दाखवलं, पोरी हसल्या, काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की हॉल क्लासचा. नूतन भिंतीला टेकून उभी राहिली, सकाळपासून पहिल्यांदा.

शेठ तिन्ही मशीनभोवती फिरले. एकदम खूश. म्हणाले, "बहु सरस, बेन. गोडाउनमां आवां बीजां चौद पड्यां छे. सोमवारे टेम्पो मोकली दउं."

आणखी चौदा, अशीच निजणारी, आणि सोमवारी टेम्पोने येणार. आणि सुकदेवकाका काय म्हणतात? "द्या, द्या. दिलेलं घ्यायला आमची ना नाही."