झाकण कुणी काढलं

— हसू नका, हसू नका, वस्तरा आहे हातात! ‘कॉफी गरम नसणार तर काय थंड असणार?’ — हेच म्हणणार होतात ना? सगळे तेच म्हणतात. माझा सख्खा मेहुणासुद्धा म्हणाला, कॉफीवर दावा लावणारा तूच एक शहाणा. अहो, पण गरम म्हणजे किती गरम, याला काही माप आहे की नाही? आता हे पाणी मी तुमच्या गालाला लावलं, गरमच होतं ना? पण त्याआधी माझ्या मनगटावर टाकून बघितलं. का? तर गाल तुमचा आहे. एवढंच माझं म्हणणं. दुसऱ्याच्या अंगावर सांडू शकेल अशी वस्तू हातात देताना माणसानं आधी बघावं. ते समोरचं हॉटेल — आरशात दिसतंय, मान नका वळवू — त्यांनी उकळती कॉफी कागदी पेल्यात ओतून पाठवली आणि माझ्या मांडीची सालपटं निघाली. सालपटं! डॉक्टरांनी दुसरीकडची कातडी काढून तिथं लावली. कितीतरी दिवस उभं राहता येईना, आणि ज्याला उभं राहता येत नाही तो कसला न्हावी? अजूनही भार एकाच पायावर देतो, बघा.

हनुवटी वर करा. हां. तर दावा खरा की खोटा ते न्यायाधीश बघतील, उद्या तारीख आहे. पण मला भाजलं ते कॉफीनं नाही — म्हणजे भाजलं कॉफीनंच, पण समजून घ्या तुम्ही — हॉटेलच्या बाजूनं साक्षीला कोण उभा राहतोय? आमचा मास्तर! हा शेजारचा शिंपी! काय सांगणार, तर या न्हाव्यानं स्वतःच झाकण काढलं, गप्पांच्या नादात नीट लावलं नाही, चूक याचीच. या भिंतीपलीकडे बसतो तो माणूस. माझ्या लग्नातला कोट त्यानं शिवला, त्याच्या वडिलांची शेवटची दाढी मी केली. कॉफी आली की मी भिंतीवर ठोकायचो, तो उलट ठोकून इकडे यायचा, असं आमचं. आता नुसती मशीनची घरघर ऐकू येते. आणि का फिरला माहितीये? हॉटेलवाल्यानं त्याच्या मुलीच्या लग्नाला वरचा हॉल देऊ केलाय, फुकट! मुलगी गोड आहे हो, तिचं काही नाही. पण म्हणून केसानं गळा कापायचा? एवढी वर्षं रोज माणसांच्या गळ्यावर वस्तरा धरतोय मी, कुणाला कधी ओरखडा नाही — आणि माझा गळा कापला कुणी, तर शिंप्यानं!

हलू नका. खरं सांगू? हे माझ्या वकिलालासुद्धा माहीत नाही. झाकण मास्तरनंच काढलं होतं. रोज तोच काढायचा — माझे हात साबणाचे, म्हणून साखर तो घालायचा, ढवळायचा, झाकण लावून माझ्यापुढे ठेवायचा. त्या दिवशी दाबायला विसरला. मी याच खुर्चीत बसलो, पेला वरून धरून उचलला — झाकण हातात, कॉफी मांडीवर! दवाखान्यात माझ्याआधी तोच रडायला लागला. मी म्हटलं, गप रे, तुझं नाव कुठं येऊ देणार नाही. वकिलानं विचारलं, झाकण कुणी काढलं? मी म्हटलं, काढलंच नव्हतं कुणी, मुळातच सैल आलं होतं. त्याच्यासाठी खोटं बोललो मी! आणि त्यानं काय केलं? पण उद्या मीही सोडणार नाही. भर कोर्टात सांगणार, मास्तर, माझ्याकडे बघ आणि मग बोल. कळू दे सगळ्यांना. त्याच्या होणाऱ्या व्याह्यांनाही कळू दे, कसल्या घरातली मुलगी करून घेताय ते!

झालं. टॉवेल घ्या. तुम्ही नवीन दिसता इथं — पाहुणे? — अच्छा, मुलाच्या लग्नाची बोलणी? अरे वा, वा! कुणाकडे —

...

शेजारी. मास्तरकडे.

बसा. बसा हो, उठू नका, कानाजवळ थोडं राहिलंय. — हे बघा, मला औषधं चालू आहेत, त्या भरात काहीबाही बोलतो मी. विचारा कुणालाही. झाकण मीच काढलं होतं. नाही, नाही, माझं ऐका — मीच काढलं, मीच सैल लावलं. उद्या मास्तर सांगेल तेच खरं, आणि मीही तेच सांगणार. सोन्यासारखा माणूस आहे. आणि मुलगी? डोळे मिटून करून घ्या, लहानपणापासून बघतोय मी तिला.

पैसे? छे, खिशात ठेवा. मास्तरचे व्याही ते माझेही व्याही. जा आता, वाट बघत असतील. फक्त एक करा — मी त्याला चांगला म्हणालो, एवढं त्याला सांगू नका. बोलत नाही आम्ही.