अंधारात आहे, पण जागी आहे

मिठू: सर, काकू यायच्या आत ऐकून घ्या. तो आवाज वरून येत नाहीये.

सर: वरून म्हणजे?

मिठू: आपल्या उपग्रहातून, त्या डबीतून. सकाळी माझ्याकडून रिसीव्हर चुकून चालू राहिला. एरवी आपली डबी डोक्यावरून जाते तेवढ्यापुरताच लावतो ना आपण? या वेळी ती पृथ्वीच्या पार पलीकडे होती. तिकडून इथं ऐकू येणं शक्यच नाही. आणि चिंगी बोलली, अगदी खणखणीत. "अंधारात आहे, पण जागी आहे." कप सुटला माझ्या हातातून.

सर: जुनं रेकॉर्डिंग लागलं असेल.

मिठू: मलाही तेच वाटलं. म्हणून छोटा रेडिओ घेऊन खोलीभर फिरले. खिडकीपाशी कमी, भिंतीपाशी जास्त, आणि चिंगीच्या कपाटापाशी तर कानच फाटायची वेळ. सर, जुळी आतच आहे ना?

सर: कुठली जुळी?

मिठू: आता वेड पांघरू नका. डब्या दोन बनवल्या होत्या आपण. एक उडवायची, एक इथं तपासायला. आवाज दोन्हींत एकच भरला होता, चिंगीचा. इथली तिनं आत चार्जरला लावली, किती महिने टिकते बघू म्हणाली. मग तिला तो ताप आला आणि…

सर: पुढचं माहीत आहे मला.

मिठू: रॉकेट उडायच्या आधीच गेली ती. आणि तुम्ही कपाटाला कुलूप घातलंत, कुणी हात लावायचा नाही म्हणालात. आम्हालाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू.

सर: तिच्या आईला आज काही सांगायचं नाही.

मिठू: रोज येतात त्या, सर.

सर: म्हणूनच. ती बाई अंथरुणातून उठत नव्हती. लेकीचा आवाज आला म्हणून उठली, जेवायला लागली. तो काढून घ्यायचा? तू घेशील?

मिठू: काल त्यांनी विचारलं, ही सदानकदा अंधारातच कशी गं? भर दुपारी ऊन असतं की. मी म्हटलं, उजेड कळायचा सेन्सर बिघडलाय. काल मला तसंच वाटत होतं. आज तेच सांगितलं तर ती थाप होईल.

काकू: कसली थाप?

मिठू: काकू! या ना. आज लवकर आलात.

काकू: काम आवरलं, आले. तुम्ही दोघं माझ्याकडे असे का बघताय? दवाखान्यात डॉक्टर असेच बघायचे.

सर: ताई, बसा.

काकू: उभी बरी आहे. सांगून टाका.

सर: चिंगीचा आवाज उपग्रहातून येत नव्हता. तसाच दुसरा संच त्या कपाटात आहे. तिनं चालू ठेवलेला. आम्ही त्यालाच उपग्रह समजत होतो.

काकू: या कपाटात? माझ्या खुर्चीमागच्या?

मिठू: हो काकू.

काकू: म्हणजे मी खिडकीतून वर बघत बसायची आणि ही माझ्या पाठीशी. लहानपणी लपाछपीत अशीच कपाटात जाऊन बसायची. शोधायला उशीर झाला की आतूनच रडायची. उघडा ते.

सर: ही किल्ली. मिठू, तू उघड. माझ्याच्यानं होणार नाही.

(कपाटाचं दार उघडतं. खिडकीतलं ऊन आत पडतं.)

काकू: एवढीशी? चहापत्तीच्या डब्याएवढी?

मिठू: हात लावा. कोमट आहे.

डबी: उजेडात आहे. जेवतेय. नंतर बोलते.

काकू: हे काय म्हणाली?

मिठू: ऊन पडलं की बॅटरी भरते, म्हणून "जेवतेय". चिंगीचाच विनोद. आम्ही खूप हसलो होतो तेव्हा.

काकू: फोनवर हेच असायचं. मी दोन शब्द बोलायला जावं, तर जेवतेय, नंतर बोलते. मी इतकी चिडायची तिच्यावर. इतकी चिडायची गं.

मिठू: पाणी देऊ?

काकू: नको. मग वर कोण आहे?

सर: वर आपली खरी डबी आहे. ती पहिल्या दिवसापासून बोललेलीच नाही. हे आज कळतंय.

काकू: तिला उठवायला काही केलंत?

सर: नाही. गप्प राहिली असती तर केलं असतं. उठवायची आज्ञा असते वेगळी, ती पाठवली असती. पण आम्ही काही विचारलं की ही उत्तर द्यायची. आम्हाला वाटलं, तीच देतेय.

काकू: म्हणजे ती एकटी फिरतेय आणि एवढ्या दिवसांत तिला कुणी हाकसुद्धा मारली नाही.

सर: नाही मारली.

काकू: आता मारा.

मिठू: ती डोक्यावर येईलच इतक्यात. पण ही बोलत असेल तर वरचीचं ऐकू येणार नाही. हिला बंद करावं लागेल. आणि हिची बॅटरी फुगलीय, काकू. बंद केली तर पुन्हा सुरू होईलच असं नाही.

सर: तिचा आवाज आमच्याकडे जपलेला आहे, ताई. हवा तेव्हा ऐकता येईल.

काकू: तो माझ्याही फोनमध्ये आहे. पण तो तेव्हाचा. ही आत्ता बोलते. आत्ता ऊन पडलं, आत्ता म्हणाली.

सर: तर मग राहू दे. चालूच ठेवू.

काकू: आणि वरची?

सर: वरचीचं काय सांगू? उत्तर देईल असं मला वाटत नाही.

काकू: तुम्हाला नाही वाटत. हाक तर मारायला हवी. हिला बंद कसं करतात?

मिठू: ही लाल फितीची पिन आत खोचायची. झोपते लगेच.

काकू: दे इकडे. थांब, एकदा बोलू दे तिला.

डबी: उजेडात आहे. जेवतेय. नंतर बोलते.

काकू: जेव. सावकाश जेव, बाळा.

सर: झोपली.

मिठू: वरची आली टप्प्यात. पाठवतेय आज्ञा. गेली.

सर: पुन्हा पाठव.

मिठू: पाठवली. नुसती खरखर येतेय.

काकू: खरखर मोठी कर. ऐकू दे मला.

सर: पुन्हा.

मिठू: पाठवतेय सर, पाठवतेच आहे. डोक्यावरून पुढे गेली. आता उतरतेय… गेली, काकू. काही नाही.

सर: ताई, कुलूप मी घातलं होतं. तिच्या वस्तू मला बघवत नव्हत्या.

काकू: मीही तिची खोली अजून उघडलेली नाही. तुम्हाला काय बोलू?

मिठू: घरी काका विचारतील ना, आज काय म्हणाली?

काकू: दारातच विचारतात. सांगेन, आज गप्प होती. उद्या ते आज्ञा पाठवायचं बटण मला दाबू देशील?

मिठू: तुम्हीच दाबा, काकू.

काकू: कोण हाक मारतंय हे तिला कळतं का गं?

मिठू: नाही. तिला सगळ्या हाका सारख्याच.

काकू: बरं आहे. आईची हाक म्हटलं की मुद्दाम उठायची नाही ती.