शेपटीवरचं नाव

ताई : आधी हा मासा कुणी केला ते सांगा.

धाकटी : कुठला मासा?

ताई : हा, माझ्या हातातला. डॉक्टरबाईंच्या टेबलावरच्या दिव्याला लटकवला होता. सकाळपासून त्याच्याखाली बसून मी पेशंटची नावं लिहीत होते.

धाकटी : छान दिसत असेल ना?

ताई : दुपारी पंखा लावला, तसा हा गर्रकन फिरला आणि शेपटीवरचं नाव माझ्या डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरबाई म्हणतात, सिस्टर, हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं हो.

डिंक्या : ताई, मी निघतो. बाबा दुकानात एकटेच आहेत.

ताई : बस तिथे, डिंक्या. हातभर डिंक लागलाय तुला, कडीला हात लावलास तर तिथेच चिकटशील. आणि माझ्या पलंगावर हे एवढे मासे कसले? झोपायचं कुठे मी?

धाकटी : वाळले की उचलतो.

ताई : ही माझ्या लग्नाची पत्रिका आहे.

धाकटी : होती. आता मासा आहे.

ताई : जीभ फार चालते तुझी. माळ्यावरचा गठ्ठा काढलात ना?

डिंक्या : ताई, कागद तरी बघा. जाड आहे, कडेला सोनेरी रेघ आहे, घडी घातली की मोडत नाही. आधी आम्ही वर्तमानपत्राची फुलं करत होतो. दुसऱ्या दिवशी माना टाकायची. गिऱ्हाईक कशाला फिरकतंय?

धाकटी : एक आजोबा म्हणाले, फूल घेत नाही, पण बातमी अर्धीच दिसतेय, वाचून परत देतो.

ताई : म्हणून तुम्हाला वाटलं, ताईची अब्रू चांगल्या जाड कागदावर छापलेली आहे, ती टिकेल.

धाकटी : तूच सांगितलंस आम्हाला.

ताई : मी?

धाकटी : जेवताना. खाणीजवळच्या वस्तीतल्या शाळेची चौदा मुलं एका दिवशी पोट धरून दवाखान्यात आली होती ना, त्या दिवशी. म्हणालीस, शाळेच्या टाकीचं पाणी बघवत नाही, आणि आपण तीनशे पत्रिका छापून माळ्यावर टाकल्या. तेवढ्यात तिथे फिल्टर बसला असता.

ताई : माणूस वैतागला की बोलतो तसं.

धाकटी : आम्ही मनावर घेतलं. वाचनालयातली आम्ही सहा जणं, रोज संध्याकाळी पायऱ्यांवर स्टॉल लावतो.

ताई : वाचनालयाच्या पायऱ्यांवर. सगळं गाव जिथून जातं तिथे. अगं, आठ महिने मी त्या रस्त्याने जात नाही. लग्नाला अकरा दिवस राहिले असताना नवरामुलगा जरा विचार करतो म्हणून गेला तो गेलाच, ती मुलगी हीच, असं कुजबुजतात लोक. मला ऐकू येतं ते. आणि तुम्ही तिथेच माझं नाव मांडून बसलात?

धाकटी : तुझं नाही.

ताई : म्हणजे?

धाकटी : उलगडून बघ.

(ताई मासा उलगडू लागते.)

डिंक्या : हळू हं. शेपूट नाजूक असते.

धाकटी : तुझं नाव वर छापलंय, त्याचं खाली. पहिली घडी मधोमध न घालता तिरकी घातली की तुझं नाव माशाच्या पोटात जातं. बाहेरून कुठूनही दिसत नाही. एकेक मासा मी उजेडात धरून बघते, मगच स्टॉलवर ठेवू देते.

ताई : आणि त्याचं बरोब्बर शेपटीवर.

डिंक्या : घडीच तशी पडते हो, ताई.

धाकटी : सात कागद वाया घालवले, तेव्हा कुठे तशी पडायला लागली.

ताई : हसू नका. मी चिडलेली आहे.

धाकटी : हसतेयस तूच.

ताई : ते वेगळं. माळ्यावर चढलात कसे? शिडीचा एक पाय आखूड आहे.

डिंक्या : धरली होती ना.

ताई : तू वर चढलास, ही खाली गठ्ठा घ्यायला. मग शिडी कुणी धरली?

धाकटी : ते जाऊ दे ना आता.

ताई : डिंक्या?

डिंक्या : सांगता येत नाही, ताई. शपथ घातलीय.

ताई : कुणी?

डिंक्या : काकूंनी.

धाकटी : गाढवा.

ताई : आईने? माझी नजर चुकून माळ्याकडे गेली तरी आई म्हणते, तिथे काही नाही.

धाकटी : आम्हालाही तेच म्हणाली. तिथे काही नाही, पण पडाल मेल्यांनो, थांबा, धरते. मग बराच वेळ शिडी धरून उभीच राहिली. आम्ही उतरलो तरी.

ताई : मला बोलली नाही काही.

धाकटी : तुला कोण काय बोलणार? तू लगेच भांडी घासायला घेतेस. आज आम्हीच तुला सांगणार होतो, पण मासा आधी पोचला. एक विचारायचंही होतं.

ताई : विचार.

धाकटी : काल स्टॉलवर तो आला होता.

ताई : तो कोण?

धाकटी : शेपूट.

डिंक्या : मी आधी ओळखलंच नाही. टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली. एक मासा उचलला, उलटा केला, सुलटा केला, म्हणाला, नाव नसलेला नाही का? म्हटलं, आहे ना साहेब, वर्तमानपत्राचं फूल आहे.

ताई : मग?

डिंक्या : विचारलं, असे किती गेले? म्हटलं, शंभराच्या वर. त्याच्या ऑफिसातल्या बायकांनीच नऊ नेले, खिडकीत टांगायला. तोंड उतरलं हो त्याचं. म्हणाला, उरलेले सगळे मला दे, घरी असतील तेही, भाव तू सांग. परवा चार वाजता येतो. म्हणजे उद्याच.

धाकटी : एका फटक्यात फिल्टर होतो, ताई. सुट्टी संपायच्या आत बसेल. पण तो नेऊन जाळणार ते, दुसरं काय करणार? म्हणून म्हटलं, तुला विचारल्याशिवाय नाही. तू नको म्हणालीस तर गठ्ठा परत वर ठेवतो आणि फुलं करत बसतो.

ताई : तो का घेतोय पण?

डिंक्या : लाज वाटते त्याला. मान वर करून बोलत नव्हता.

ताई : त्याला वाटते?

धाकटी : मग कुणाला वाटायला हवी?

ताई : मला वाटत होतं, ती सगळी माझ्याच वाट्याला आलीय. आठ महिने वळसा घालून जातेय मी, रोज, दोन्ही वेळा.

धाकटी : माहितेय. दोन जोड चपला झिजवल्यास.

ताई : डिंक्या, घाऊक विक्री बंद.

डिंक्या : असं नका करू, ताई. सोन्यासारखं गिऱ्हाईक आहे. हातचं जाईल.

ताई : कुठे जातंय? एका वेळी एका माणसाला एकच मासा. दुसरा हवा असेल तर रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभं राहायचं.

धाकटी : आणि प्रत्येक वेळी पावती.

डिंक्या : पावती कुठे देतो आपण?

ताई : उद्यापासून देऊ. पावतीवर नाव काय घालायचं, ते मोठ्याने विचारायचं. मी लिहीन.

धाकटी : तू येणार? वाचनालयापाशी?

ताई : साडेतीनला ड्युटी संपते माझी. सरळ रस्त्याने आले तर पावणेचारला पोचते.

डिंक्या : वर अजून एक अख्खा गठ्ठा आहे, ताई. फार हेलपाटे पडतील हो त्याला.

ताई : त्याच्या वडिलांनीच आग्रह केला होता, पत्रिका कमी पडायला नकोत म्हणून. जा, दोघं आधी साबणाने हात धुऊन या.

धाकटी : कागद तर दुमडायचेत.

ताई : चांगल्या पाण्यासाठी चाललंय ना सगळं? मग आपल्या नळाला येतंय तोवर वापरा. आणि ही पहिली घडी कशी म्हणालीस?

धाकटी : तिरकी. हा कोपरा इथपर्यंत आण. अगं, उलटी धरलीयस पत्रिका.

ताई : माहितेय.

धाकटी : असं दुमडलंस तर तुझं नाव बाहेर येईल. अगदी डोक्यावर.

ताई : येऊ दे.