मनगटावरचे शब्द

मधुमती : हात हलवू नकोस. हं, काय लिहू?

समर : सगळी. आपली बारा शब्द आहेत ना, ती सगळी. या रिस्टबँडवर, इंग्लिश लेटर्समध्ये. मोठी लिही.

मधुमती : ‘ते सगळे’ रे राजा. शब्द ‘तो’. अडतिशी आली तरी शब्दाला बाईच करून ठेवलंयस.

समर : आई, प्लीज. किक-ऑफला वीस मिनिटं आहेत.

(कार्डिफमधल्या अमेरिकन फुटबॉलच्या एका मैदानाबाहेर उभी गाडी, आत आई आणि मुलगा. काचेपलीकडे वाऱ्यावर फडफडणारा फलक : ‘आमचा क्वार्टरबॅक. वीस वर्षं.’ फलकावर संघाला चाल सांगून चेंडू फेकणाऱ्या समरचाच चेहरा, बराच तरुण.)

मधुमती : दळण. लिहिलं. दळण म्हणजे मधून घुसायचं, हो ना? पाखडण म्हणजे बाजूने पळायचं. मला अजून हसू येतं बाई. ओव्या माझ्या आईच्या, जात्यावरच्या. आणि त्यांच्यावर धावतात सहा फुटी वेल्श गडी!

समर : दुसऱ्या टीमला कळत नाही ना. म्हणून तर सात कप आले.

मधुमती : तुझ्या हातामुळे आले. रग्बीच्या सरांनी काडीपैलवान म्हणून घालवलं, तेव्हा म्हणाला होतास, मी धडकणार नाही, फेकणार. अमेरिकेत ट्रायलला गेलास, दोन आठवड्यांत तोंड पाडून आलास, तरी फेकतच राहिलास. बरं, पुढचा सांग.

समर : तू सांग.

मधुमती : मी? रोज मैदानात ओरडतोस तू. ‘दळण सरलं, पाखडण उरलं, सुपात माझ्या...’ काय सांडलं?

समर : लिही ना तू, टाइम नाही.

मधुमती : चांदणं रे! सुपात माझ्या चांदणं सांडलं. चांदणं म्हणजे लांब फेक.

समर : हां. तेच आलं नाही, लास्ट संडेला. दहा जण माझ्या तोंडाकडे बघत उभे, आणि आत नुसती पांढरं. मग जे आलं ते म्हणालो, दळण. टीममधला रिस बॉल घेऊन मधे घुसला. त्याची खांदा तुटली, आई.

मधुमती : त्याचा खांदा. अरे, मनाला नको लावून घेऊस. तुझं मराठी पहिल्यापासूनच लंगडं. त्या दिवाळीला चकलीला ‘ती गोल काटेवाली’ म्हणालास, सगळे किती हसलो.

समर : इंग्लिशमध्ये पण जातात.

मधुमती : काय?

समर : शब्द. इंग्लिशमध्ये पण. केटल. राउंडअबाउट. परवा वरदाच्या टीचरने माझ्याच मुलीची सरनेम विचारली, ती पण नाही आली. माझीच ना ती सरनेम?

मधुमती : ...कधीपासून?

समर : तुम्ही हसलात, तेव्हापासून.

मधुमती : तीन वर्षं झाली त्या दिवाळीला. आयुष्यभर लोकांची डोकी तपासली मी. पेशंटला तीन शब्द सांगायचे, पाच मिनिटांनी विचारायचे. आणि घरात व्याकरण सुधारत बसले. इकडे बघ. माझ्या बोटाकडे.

समर : नको ना. तू फक्त लिही. एक मॅच.

मधुमती : आणि डोक्यावर अजून एक टक्कर? अशा टकरांनीच शब्द गेलेत तुझे. नाही.

समर : आज मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडला माझं नाव देणार आहेत. सगळे आलेत. आत गेलो तर अजून कोणीतरी मोडेल. नाही गेलो तर का ते सांगावं लागेल. सांगितलं की लायसन जाईल, व्हॅन जाईल, जॉब जाईल. कुठून निघू, सांग?

मधुमती : मला नाही माहीत, बाळा. पेन मी बंद केलंय.

समर : मग? इथेच बसू?

मधुमती : थोडा वेळ बस. मी तुझ्या कोचशी बोलून येते.

समर : गॅरेथ विचारेल, कधीपासून.

मधुमती : तीन वर्षं, म्हणेन.

समर : तुला तर आत्ता कळलं.

मधुमती : तेही सांगेन. हेल्मेट दे इकडे.

समर : ते कशाला?

मधुमती : दे रे. रिकाम्या हाताने गेले तर तो ऐकायचा नाही.